पत्रांतून जन्मलेले शास्त्र

१९३६ सालच्या डिसेंबरअखेरीस बर्लिनचे एक ग्रंथविक्रेते पॅरिसमध्ये मारी बोनापार्त यांच्या भेटीस आले. मारी बोनापार्त या नेपोलियनच्या भावाच्या वंशातल्या. ग्रीस व डेन्मार्कच्या राजघराण्यात विवाह झाल्यामुळे राजकन्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. आणि मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या निष्ठावंत शिष्या. ग्रंथविक्रेत्याजवळ फ्रॉइड यांच्या हातच्या जुन्या खासगी पत्रांचा एक मोठा गठ्ठा होता. किंमत १२,००० फ्रँक. ही पत्रे ज्यांना लिहिलेली होती ते बर्लिनचे डॉक्टर विल्हेल्म फ्लीस १९२८ मध्ये वारले होते. त्यांच्या पत्नीने ती विकायला काढली होती. मात्र ती फ्रॉइड यांच्या हाती पडू नयेत, अशी तिची इच्छा होती.

मारी बोनापार्त यांनी ही वार्ता व्हिएन्नाला कळवली तेव्हा ८० वर्षांचे फ्रॉइड अस्वस्थ झाले. निम्मी रक्कम आपण देऊ, असे त्यांनी कळवले. पत्रे वाचवावीत हा त्यामागचा हेतू नव्हता. ती नष्ट व्हावीत, एवढेच त्यांना हवे होते. पुढच्या काळाला, म्हणजे तुम्हा-आम्हाला, त्यातले काहीही कळू नये अशी त्यांची इच्छा होती. याच संदर्भात त्यांनी बाईंना एक जुना यहुदी विनोद ऐकवला. मोर शिजवायचा कसा? आधी आठवडाभर जमिनीत पुरायचा आणि मग उकरून काढायचा. आणि त्यानंतर? त्यानंतर फेकून द्यायचा!

शिष्येने या एका बाबतीत गुरूची आज्ञा मोडली. पत्रे तिने व्हिएन्नातल्या एका बँकेच्या तिजोरीत ठेवली. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या, तेव्हा गेस्टापोच्या माणसांसमक्ष तिजोरी उघडून तिने ती बाहेर काढली. राजघराण्यातली असल्याने तिला कोणी अडवले नाही. पुढे पॅरिसमधील डॅनिश वकिलातीत ती सुरक्षित राहिली. तेथून लंडनला नेताना इंग्लिश खाडीत सुरुंगांचे भय होते. जहाज बुडाले तरी गठ्ठा तरंगत राहावा, अशा बेताने तो गुंडाळण्यात आला होता.

आपल्या रुग्णांना मनातले काहीही न लपवता बोलण्यास सांगणाऱ्या माणसाला स्वतःची पत्रे लपवावीशी का वाटावीत? त्याचे उत्तर पत्रांतच आहे. फ्रॉइड यांच्या ग्रंथांत मनोविश्लेषणाचे सिद्धान्त बऱ्याच अंशी पूर्ण आणि तर्कशुद्ध रूपात समोर येतात. फ्लीस यांना लिहिलेल्या पत्रांत तेच सिद्धान्त चाचपडताना, चुकताना, मोडताना आणि पुन्हा उभे राहताना दिसतात. या पत्रांनी मनोविश्लेषणाच्या जन्माची नोंद ठेवली हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे शास्त्र घडले त्यात ती लिहिण्याच्या कृतीचा आणि ती वाचणाऱ्या मित्राचा मोठा वाटा होता. आणि त्या मैत्रीची किंमत दुसऱ्याच एका व्यक्तीला मोजावी लागली, हेही त्यांतूनच उघड झाले.

‘अहो’पासून ‘अरे’पर्यंत

फ्रॉइड आणि फ्लीस यांची भेट १८८७ च्या शरद ऋतूत व्हिएन्नामध्ये झाली. फ्रॉइड तेव्हा ३१ वर्षांचे होते. पॅरिसला शार्को यांच्या हाताखाली हिस्टेरियाचा अभ्यास करून ते परतले होते आणि आदल्याच वर्षी त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला होता. फ्लीस त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. बर्लिनमधील नाक-घशाचे डॉक्टर. अभ्यासासाठी ते व्हिएन्नाला आले असता डॉ. योसेफ ब्रॉयर यांनी त्यांना फ्रॉइड यांच्या व्याख्यानांना जाण्याचा सल्ला दिला. फ्लीस बर्लिनला परतल्यावर २४ नोव्हेंबर १८८७ रोजी फ्रॉइड यांनी त्यांना पहिले पत्र धाडले.

सुरुवातीची पत्रे दोन डॉक्टरांमधील औपचारिक पत्रे आहेत. जर्मन भाषेतही मराठीप्रमाणेच आदरार्थी आणि एकेरी संबोधनांचा भेद आहे. पहिली काही वर्षे ‘आपण’ म्हणणारे फ्रॉइड १८९२ मध्ये ‘तू’वर येतात. त्यानंतरच्या पत्रांतून घरची आजारपणे, मुलांची बाळलेणी, पैशाची चणचण, न सुटणारी सिगार आणि रुग्णांच्या कहाण्या यांची सरमिसळ होऊ लागते. डिसेंबर १८९५ मध्ये फ्रॉइड यांना सहावे अपत्य झाले. मुलगा झाला असता तर त्याचे नाव विल्हेल्म ठेवायचे ठरले होते. मुलगी झाली, तिचे नाव अॅना. तीच पुढे बालमनोविश्लेषणातील अग्रणी झाली आणि याच पत्रांच्या संपादकांपैकी एकही.

या जवळिकीला फ्रॉइड यांच्या एकाकीपणाची पार्श्वभूमी होती. ब्रॉयर यांच्यासह त्यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियावरील ग्रंथ प्रसिद्ध केला खरा. पण मनोविकारांच्या मुळाशी लैंगिकता असते, या फ्रॉइड यांच्या वाढत्या आग्रहामुळे ब्रॉयर दुरावत गेले. २१ एप्रिल १८९६ रोजी फ्रॉइड यांनी व्हिएन्नातील डॉक्टरांपुढे आपला सिद्धान्त मांडला, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेले क्राफ्ट-एबिंग यांनी ही तर शास्त्रीय परीकथा वाटते, असा शेरा मारला. हा प्रसंग आपल्याला माहीत आहे तो फ्रॉइड यांनी संतापून फ्लीस यांना लिहिलेल्या पत्रामुळे. मित्र हाच आपला एकमेव श्रोता आहे, असे या काळात ते वारंवार लिहीत होते.

फ्लीस यांचे स्वतःचे सिद्धान्त आज कोणी मानत नाही. नाक आणि जननेंद्रिये यांचा थेट संबंध असतो, असे ते सांगत. स्त्रियांचे २८ दिवसांचे आणि पुरुषांचे २३ दिवसांचे चक्र माणसाचे आजार व मृत्यूदेखील ठरवते, असेही त्यांचे मत होते. फ्रॉइड यांनी हे सारे गांभीर्याने घेतले. २३ आणि २८ यांची बेरीज ५१. त्या वयात आपल्याला मृत्यू येणार, ही धास्ती त्यांना कित्येक वर्षे छळत राहिली. तथापि, मनुष्यप्राणी मूलतः उभयलिंगी प्रवृत्तीचा असतो, ही फ्लीस यांची कल्पना मात्र मनोविश्लेषणात कायमची रुजली. शिवाय फ्लीस ऐकत होते. जे व्हिएन्नातील प्रतिष्ठितांना ऐकवत नव्हते, ते ऐकून त्यांना धक्का बसत नव्हता.

टपालातली प्रयोगशाळा

या पत्रांसोबत फ्रॉइड आपल्या विचारांचे कच्चे मसुदेही पाठवत. चिंता, खिन्नता, संशयविकार अशा विषयांवरचे हे मसुदे पुढे संपादकांनी वर्णमालेनुसार क्रम लावून छापले. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी दोघे मित्र ड्रेस्डेन, न्यूरेंबर्ग, ब्रेस्लाऊ अशा ठिकाणी भेटत. दोनच सदस्य असलेल्या या भेटींना फ्रॉइड थट्टेने ‘काँग्रेस’ म्हणत.

सप्टेंबर १८९५ मधील अशाच एका भेटीनंतर बर्लिनहून परतताना फ्रॉइड यांनी आगगाडीतच पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. मेंदूतील पेशी आणि त्यांतून वाहणारी ऊर्जा यांच्या आधारे संपूर्ण मनोव्यापाराची उकल करण्याचा तो प्रचंड महत्त्वाकांक्षी प्रयत्न होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी त्या वह्या फ्लीस यांना धाडल्या. महिना-दीड महिन्यातच त्यांचा उत्साह मावळला आणि आपण हे कोणत्या मनःस्थितीत लिहिले, हेच आता कळत नाही, असे त्यांनी कळवले. वह्या परत मागितल्याही नाहीत. ‘वैज्ञानिक मानसशास्त्राचा आराखडा’ या नावाने आज अभ्यासल्या जाणाऱ्या त्या लेखनाची प्रत टिकली ती फ्लीस यांच्या कपाटात, आणि ते प्रथम छापले गेले १९५० मध्ये. मेंदूची भाषा सोडून मनाची भाषा शोधण्याकडे फ्रॉइड कसे वळले, हे या आराखड्याशिवाय कळले नसते.

६ डिसेंबर १८९६ च्या पत्रात आणखी एक मौलिक विचार येतो. आठवण ही एकदा नोंदली की तशीच राहत नाही. आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर तिची नव्याने मांडणी होते, जणू तिचे पुनर्लेखन होते. दमन म्हणजे अशा एखाद्या टप्प्यावर आठवणीचे ‘भाषांतर’ होण्याचे राहून जाणे. स्मृतीविषयी लिहिणारे अभ्यासक आजही या पत्रापाशी परत परत येतात.

‘स्वप्नमीमांसा’ हा फ्रॉइड यांचा प्रमुख ग्रंथ याच वर्षांत लिहिला गेला. नोव्हेंबर १८९९ मध्ये तो बाहेर पडला. मुखपृष्ठावर वर्ष छापले होते १९००. त्याची प्रकरणे जशी लिहून होत तशी बर्लिनला रवाना होत. फ्लीस यांच्या सांगण्यावरून एक अत्यंत खासगी स्वप्न ग्रंथातून वगळण्यात आले. या स्वप्नांतून शाब्दिक कोट्या फारच दिसतात, असा फ्लीस यांचा आक्षेप होता. त्या आक्षेपाचा विचार करता करताच फ्रॉइड विनोदाच्या अभ्यासाकडे वळले आणि १९०५ मध्ये त्यावरचे त्यांचे पुस्तक आले.

पण सर्वांत नाट्यमय आहेत ती १८९७ ची पत्रे. ऑक्टोबर १८९६ मध्ये फ्रॉइड यांचे वडील वारले. त्या मृत्यूने फ्रॉइड आतून हलले आणि पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःलाच रुग्ण मानून आत्मविश्लेषण आरंभले. तोवर त्यांचा सिद्धान्त असा होता की, हिस्टेरियाच्या प्रत्येक रुग्णावर बालपणी लैंगिक अत्याचार झालेला असतो. २१ सप्टेंबर १८९७ च्या पत्रात त्यांनी मित्राला कळवले की, आपला या सिद्धान्तावर विश्वास उरलेला नाही. कारणेही दिली. एकही उपचार समाधानकारकपणे पूर्ण होत नव्हता. सिद्धान्त खरा मानला तर असंख्य बापांना, स्वतःच्या वडिलांनाही, दोषी ठरवावे लागणार होते. आणि अबोध मनात वास्तव व कल्पना यांतला भेद सांगणारी कोणतीच खूण नसते.

त्यानंतर चार आठवड्यांच्या आतच, १५ ऑक्टोबरच्या पत्रात, आईविषयीचे प्रेम आणि वडिलांविषयीची असूया आपल्याला स्वतःतही सापडली, असे ते लिहितात. बालपणीच्या दाईविषयी मनात उमटलेल्या आठवणी त्यांनी वृद्ध आईला विचारून पडताळल्या होत्या. ती दाई चोरी करताना पकडली गेली होती, असे आईने सांगितले. याच पत्रात सोफोक्लीजच्या नाटकातील राजा ईडिपस आणि पाठोपाठ हॅम्लेट येतो. ईडिपस गंड या नावाने पुढे जगभर गाजलेली कल्पना प्रथम कागदावर उतरली ती अशी, घरगुती पत्रात, एका मित्रासाठी.

या आत्मविश्लेषणात फ्लीस यांची भूमिका कोणती होती? मनोविश्लेषणाच्या उपचारात रुग्ण कोचावर पडून बोलतो. ऐकणारा त्याच्या दृष्टीआड बसतो, फार थोडे बोलतो आणि रुग्ण त्याच्याविषयी मनात एक प्रतिमा उभी करतो; आधी श्रद्धेची, मग कदाचित द्वेषाची. फ्लीस बर्लिनमध्ये दृष्टीआड होते. फ्रॉइड यांनी त्यांना असामान्य प्रतिभेचा पुरुष मानले आणि त्या विश्वासावर मनातले सारे कागदावर ओतले. म्हणूनच अनेक अभ्यासकांनी या पत्रव्यवहाराला इतिहासातील पहिले मनोविश्लेषण म्हटले आहे. येथे उपचार करणाऱ्याला आपण काय करीत आहोत याची कल्पना नव्हती आणि रुग्णालाही ती नंतरच आली.

एम्मा

या मैत्रीची दुसरी बाजू एम्मा एकश्टाइन या तरुणीच्या कथेत आहे. ती फ्रॉइड यांची रुग्ण. तिच्या तक्रारींचे मूळ नाकात असावे, असे फ्लीस यांच्या सिद्धान्तानुसार ठरले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये फ्लीस यांनी व्हिएन्नाला येऊन तिच्या नाकावर शस्त्रक्रिया केली. ते बर्लिनला परतले. इकडे एम्माच्या चेहऱ्यावर सूज आली, दुर्गंधी येऊ लागली, रक्तस्राव थांबेना. अखेर दुसऱ्या एका शल्यचिकित्सकाने जखम साफ करताना धागा ओढला आणि नाकातून सुमारे अर्धा मीटर लांबीची जाळीच्या कापडाची पट्टी बाहेर आली. ती फ्लीस आतच विसरले होते. रक्ताचा लोट आला. एम्मा मरणाच्या दारात जाऊन परतली. फ्रॉइड यांनाच घेरी आली आणि त्यांना शेजारच्या खोलीत जावे लागले.

हे सारे त्यांनी ८ मार्चच्या पत्रात फ्लीस यांना तपशीलवार कळवले आहे. परंतु पत्राचा सूर जाब विचारणाऱ्याचा नसून सांत्वन करणाऱ्याचा आहे. मित्राने वाईट वाटून घेऊ नये, त्याच्यावरचा आपला विश्वास अढळ आहे, असे ते सांगतात. वर्षभरानंतर तर ते आणखी पुढे गेले. एम्माचा रक्तस्राव मानसिक होता, प्रेमाच्या ओढीतून आलेला होता, असा निष्कर्ष त्यांनी फ्लीस यांना कळवला. विसरलेल्या पट्टीचा दोष अशा रीतीने रुग्णाच्या मनावर ढकलला गेला.

जुलै १८९५ मध्ये फ्रॉइड यांना ‘इर्माचे इंजेक्शन’ म्हणून प्रसिद्ध असलेले स्वप्न पडले. ‘स्वप्नमीमांसे’त तेच नमुन्याचे स्वप्न म्हणून येते. इर्माच्या आजाराला आपण जबाबदार नाही, ही इच्छा त्या स्वप्नाने पूर्ण केली, असा अर्थ फ्रॉइड यांनी लावला. जून १९०० मध्ये त्यांनी फ्लीस यांना विचारले होते : जेथे हे रहस्य उलगडले त्या घरावर एक दिवस संगमरवरी पाटी लागेल का? पाटी लागली, ती १९७७ मध्ये. तोवर या स्वप्नाची आणखी एक बाजू पुढे आली होती. फ्रॉइड यांचे डॉक्टर असलेले माक्स शूर यांनी १९६६ मध्ये एम्माविषयीची पत्रे प्रथम उजेडात आणली आणि या स्वप्नात निर्दोष ठरवायचे होते ते फ्लीस यांना, असे दाखवून दिले. मैत्रीने फ्रॉइड यांना जे पाहण्याचे धैर्य दिले, त्याच मैत्रीने डोळ्यांसमोरची एक गोष्ट त्यांना पाहू दिली नाही.

एम्मा मात्र नुसती रुग्ण राहिली नाही. ती स्वतःही मनोविश्लेषणाच्या पद्धतीने उपचार करू लागली होती, असा उल्लेख फ्रॉइड यांच्या १८९७ च्या एका पत्रात आहे.

तुटलेला धागा

ऑगस्ट १९०० मध्ये आखेनझे या सरोवराकाठी दोघांची भेट झाली. तेथे कडाक्याचे भांडण झाले. रुग्णाचे बरे-वाईट होणे जर २३ आणि २८ दिवसांच्या चक्रांवर अवलंबून असेल, तर मनोविश्लेषणाने साधते काय, हा फ्लीस यांचा प्रश्न होता. दुसऱ्यांची मने वाचणारा तेथे स्वतःचेच विचार वाचतो, असा शेराही त्यांनी पुढे मारला. तो फ्रॉइड यांच्या जिव्हारी लागला. उभयलिंगित्वाची कल्पना कोणाची, हा वाद त्यात भरीस पडला. फ्रॉइड यांनी ती स्वतःची म्हणून फ्लीस यांनाच ऐकवली होती. ती आपल्याला फ्लीस यांच्याकडूनच मिळाल्याचे ते साफ विसरले होते. या विसरण्याचा दाखला त्यांनी पुढे आपल्याच पुस्तकात दिला, मित्राचे नाव न घेता.

१९०३ मध्ये ओटो वाइनिंगर या तरुणाचे पुस्तक गाजले. त्यात उभयलिंगित्वाची कल्पना पाहून फ्लीस यांनी जुलै १९०४ मध्ये फ्रॉइड यांना विचारणा केली. फ्रॉइड यांनी आधी आडून उत्तर दिले; नंतर कबूल केले की, आपल्या एका रुग्णाशी या विषयावर बोलणे झाले होते, तोच वाइनिंगरचा मित्र होता, आणि वाइनिंगरचे हस्तलिखितही आपण पाहिले होते. पत्रव्यवहार तेथेच संपला. फ्लीस यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने पतीची पत्रे परत मागितली, तेव्हा ती सापडत नाहीत, बहुधा नष्ट केली असावीत, असे फ्रॉइड यांनी कळवले. त्यामुळे या संवादाचा एकच आवाज आज आपल्याला ऐकू येतो. फ्लीस काय म्हणाले, हे फ्रॉइड यांच्या उत्तरांवरूनच ताडावे लागते.

पत्रलेखनाची सवय मात्र मनोविश्लेषणाने सोडली नाही. युंग, फेरेन्झी यांच्याशी फ्रॉइड यांचा पत्रव्यवहार प्रसिद्धच आहे. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीही १९२१ पासून त्यांच्याशी पत्रांतून संवाद साधला आणि १९२२ मध्ये इंडियन सायकोअॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

वगळलेल्या ओळी

फ्लीस यांना लिहिलेली पत्रे प्रथम १९५० मध्ये मारी बोनापार्त, अॅना फ्रॉइड आणि एर्न्स्ट क्रिस यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. पण २८४ पैकी १६८ च, आणि तीही काटछाट करून. एम्माचा प्रसंग त्यात नव्हता. फ्रॉइड यांनी स्वतःच्या वडिलांवर घेतलेला संशयही गाळला होता.

संपूर्ण पत्रे १९८५ मध्ये प्रसिद्ध करणारे संपादक जेफ्री मॅसन हे मुळात संस्कृतचे अभ्यासक. पुण्याचे विद्वान एम. व्ही. पटवर्धन यांच्यासह त्यांनी अभिनवगुप्त आणि शांतरस यांवर लिहिलेला ग्रंथ भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६९ मध्ये प्रकाशित केला होता. पुढे ते मनोविश्लेषक झाले, फ्रॉइड यांच्या दप्तरखान्यात त्यांची नेमणूक झाली आणि तेथे त्यांना वगळलेले परिच्छेद दिसले. अत्याचाराचा सिद्धान्त फ्रॉइड यांनी सोडला तो पुराव्याअभावी नव्हे, धैर्याअभावी, असा आरोप त्यांनी जाहीरपणे केला. त्यांना पद गमवावे लागले. १९८४ मधील त्यांच्या पुस्तकाने मोठे वादळ उठले.

मॅसन यांचे मत अनेक इतिहासकारांनी अमान्य केले आहे. बालकांवर प्रत्यक्ष अत्याचार होतात, हे फ्रॉइड यांनी पुढेही नाकारले नव्हते. तरीही अत्याचाराची हकिकत सांगणाऱ्या बालकाला वा स्त्रीला ‘ही तुझी कल्पना’ असे सांगण्यासाठी त्या पत्राचा आधार पुढच्या काळात घेतला गेला, हेही खरे. एका मित्राला लिहिलेल्या पत्रातला निर्णय कोणाच्या आयुष्यापर्यंत पोहोचू शकतो, हे यावरून ध्यानात यावे. मूळ शब्द वाचायला मिळणे म्हणूनच आवश्यक होते.

ही पत्रे आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. फ्रॉइड यांची इच्छा डावलली गेली, याची रुखरुख ती वाचताना वाटते. खासगी पत्र हे दोघांचेच असते, हा संस्कार आपल्यावरही आहे. परंतु मारी बोनापार्त यांनी त्या दिवशी आज्ञा पाळली असती, तर मनोविश्लेषणाचा जन्म एका माणसाच्या एकट्याच्या प्रतिभेतून झाला, या आख्यायिकेवरच आपल्याला विसंबावे लागले असते. एम्माच्या नाकात राहिलेल्या त्या पट्टीविषयीही आपल्याला काहीच कळले नसते.